५५०-० कसं काय? जुन्या अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा सीझन वाचायची पद्धत

पुतण्या मिशिगनला शिकायला गेलाय, त्यानं मध्यंतरी एक फोटो पाठवला. त्याच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा १९०१ चा सीझन, वरपासून खालपर्यंत मॅचेसची यादी आणि शेवटी टोटल, मिशिगन ५५० आणि समोरचे सगळे मिळून शून्य. खाली एकच ओळ, "काका हे कसं शक्य आहे?" मी काय सांगणार, आम्हाला सांगलीत फुटबॉल म्हटलं की कोल्हापूर आठवतं, पेठांच्या टीम, शाहू स्टेडियम आणि गोल झाला की उधळलेली माणसं. संध्याकाळी कट्ट्यावर फोटो दाखवला तर अण्णा म्हणाले समोर मराठी शाळेची पोरं उभी केली असणार, आणि पैलवान म्हणाला गोलकीपर झोपलेला काय रे अकरा मॅच.

तर मुद्दा असा की यात गोलकीपर नाहीच, हा हातात बॉल घेऊन पळायचा फुटबॉल, रग्बीचा भाऊ. पण तेवढं कळूनही तक्ता वाचता येत नाही, कारण १९०० ते १९१५ च्या दरम्यान या खेळाचे नियम इतक्यांदा बदललेत की एका सालचा आकडा दुसऱ्या सालच्या शेजारी ठेवला की फसगत ठरलेली. मी चार-सहा महिने यात डोकं घातलं, चुका पण भरपूर केल्या, त्यातून जी पद्धत हाताला लागली ती सांगतो. कुणाची पोरंबाळं तिकडं असतील आणि असला फोटो आला तर उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी साल बघा. स्कोअरकडं बघायचं सुद्धा नाही, आधी साल. कारण पॉइंटचा भाव सालाप्रमाणं बदलतो, आपल्याकडं हळदीचा भाव सौद्याला बदलतो तसा. वहीच्या मागच्या पानावर एवढं लिहून ठेवा. टचडाउन म्हणजे बॉल घेऊन समोरच्याच्या रेषेपलीकडं जाऊन टेकवणं, त्याला १८९८ पासून ५ पॉइंट होते ते १९१२ ला ६ झाले. टचडाउननंतर एक जादा किक मिळते, ती दांड्यांमधून गेली तर १. खेळ चालू असताना मारलेली किक आडव्या दांडीवरून गेली तर फील्ड गोल, आणि खरी गोम इथं आहे, त्याला १९०३ पर्यंत ५ पॉइंट, १९०४ ला ४ केले, १९०९ ला ३ केले आणि मग ते ३ च राहिले. आणि सेफ्टी म्हणजे तुमच्याच माणसाला तुमच्याच रेषेमागं बॉलसकट लोळवला तर समोरच्याला २, ते या सगळ्या वर्षांत बदललं नाही. बस, एवढ्या चार ओळींवर निम्मं काम होतं.

आता याचा वापर कसा करायचा ते बघा. फोटोतली शेवटची मॅच १ जानेवारी १९०२ ची, कॅलिफोर्नियात पासाडेना गावात, मिशिगन ४९ स्टॅनफर्ड ०. रोझ बोल म्हणजे तिथं नव्या वर्षाला होणारी मोठी मॅच, त्यातली हीच पहिली म्हणून आज सांगतात. ४९ फोडून बघा. आठ टचडाउन, आठ पंचे चाळीस. त्यातल्या चार जादा किक बसल्या, चव्वेचाळीस. आणि एक फील्ड गोल, तेव्हाच्या भावानं ५, झाले एकोणपन्नास. नील स्नो नावाच्या एकट्या गड्यानं पाच टचडाउन मारले त्यात. आता हेच आजच्या भावानं धरलं तर आठ सक अठ्ठेचाळीस, अधिक चार, अधिक तीन म्हणजे पंचावन्न. म्हणजे १९०१ च्या टीमचा स्कोअर आजच्या मानानं थोडा कमीच दिसतो, ५५०-० हा आकडा फुगवलेला नाही तर उलट दबलेला आहे. हे मी कट्ट्यावर सांगितलं तेव्हा अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला.

उलटं पण करून बघा. १९११ ला कार्लाइलनं हार्वर्डला १८-१५ नं हरवलं. कार्लाइल म्हणजे पेन्सिल्व्हेनियातली अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या पोरांसाठी सरकारनं काढलेली बोर्डिंग शाळा, पोरांना घरापासून तोडून त्यांची भाषा आणि चालीरीती पुसायचा डाव होता तो, पण फुटबॉलमध्ये या शाळेनं भल्याभल्या युनिव्हर्सिट्यांना माती चारली. त्या दिवशी जिम थॉर्पनं चार फील्ड गोल मारले. १९११ चा भाव ३, म्हणजे बारा, टचडाउन ५ म्हणजे सतरा, जादा किक १, अठरा. आता समजा कुणी चुकून १९०३ चा भाव लावला तर चार गोलांचेच वीस होतात आणि हिशोब जुळतच नाही, मग माणूस म्हणतो वर्तमानपत्रात छपाईची चूक आहे. मी स्वतः असं दोनदा म्हणालोय, म्हणून सांगतोय. हा थॉर्प पुढच्याच साली स्टॉकहोम ऑलिंपिकला जाऊन पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉनची दोन सुवर्णपदकं घेऊन आला, म्हणजे गडी काय असेल बघा.

साल झालं की दुसरं काम, समोरच्या टीम कोण होत्या ते बघा. इथं अण्णा निम्मे बरोबर होते. त्या काळी आजच्यासारखं लीगचं पक्कं वेळापत्रक नसायचं, ज्याच्याशी पत्र जमलं त्याच्याशी मॅच. सप्टेंबरअखेर जवळपासच्या लहान कॉलेजांना बोलवायचं, हात साफ करून घ्यायचा, मग ऑक्टोबर नोव्हेंबरला खरे पैलवान आणि शेवटची मोठी मॅच थँक्सगिव्हिंगच्या सणाला, म्हणजे तेव्हा नोव्हेंबरातल्या शेवटच्या गुरुवारी. आपल्याकडं जत्रेच्या मैदानात आधी पोरांच्या रेवडीवरच्या कुस्त्या लावतात आणि एक नंबरची कुस्ती दिवस मावळता मावळता, तसंच. लहान कॉलेजं, मेडिकल कॉलेजं, अॅथलेटिक क्लब, लष्करी छावणीतले सोल्जर, स्वतःच्याच कॉलेजचे माजी विद्यार्थी, काही वेळा चक्क हायस्कूल, असं काहीही यादीत सापडतं. त्यामुळं एखाद्या टीमचे पहिले तीन विजय ५०-०, ६५-०, ४०-० असे दिसले तर लगेच टाळ्या वाजवायच्या नाहीत.

मिशिगनची १९०१ ची यादी ओळीनं अशी आहे: अल्बियन ५०, केस ५७, इंडियाना ३३, नॉर्थवेस्टर्न २९, बफेलो १२८, कार्लाइल २२, ओहायो स्टेट २१, शिकागो २२, बेलॉइट ८९, आयोवा ५०, स्टॅनफर्ड ४९. समोर सगळीकडं शून्य. बेरीज करून बघा, ५५० बरोबर येते, मी दोनदा केली. यात अल्बियन आणि बेलॉइट ही लहान कॉलेजं. ते बाजूला ठेवून शिकागो, कार्लाइल, ओहायो स्टेट बघितलं की आकडा वीस-बावीसवर येतो, म्हणजे टीमचं खरं माप ते. आणि तरी शून्य ते शून्यच, ते कुणी काढून घेऊ शकत नाही. कोच होता फील्डिंग योस्ट, त्याचं टोपणनावच "हरी अप" म्हणजे आवरा लवकर, समोरचा अंगावरची धूळ झटकून उभा राहीपर्यंत याची पोरं पुढच्या डावाला तयार. मिनिटाला एक पॉइंट असं त्या टीमचं नाव पडलं होतं. गंमत म्हणजे हा योस्ट आदल्या साली स्टॅनफर्डचाच कोच होता, आणि रोझ बोलला स्टॅनफर्डनं आठ मिनिटं बाकी असताना आता पुरे म्हणून मॅच सोडली. त्यानंतर तिथं लोकांनी फुटबॉलचा नाद सोडून मधली काही वर्षं रथांच्या शर्यती लावल्या, आपल्या शंकरपटासारख्या, फक्त बैलांऐवजी घोडे, आणि फुटबॉल परत आला तो थेट १९१६ ला.

तिसरी गोष्ट जी तक्त्यात दिसतच नाही पण सगळ्यात महत्त्वाची आहे ती म्हणजे पुढं सरकायचा नियम. टीमला ठराविक प्रयत्न मिळतात, त्याला डाउन म्हणतात, तेवढ्या डाउनमध्ये ठराविक यार्ड पुढं गेलं तर बॉल तुमच्याकडंच राहतो, नाहीतर समोरच्याला. १९०५ पर्यंत तीन डाउनमध्ये ५ यार्ड. १९०६ पासून तीन डाउनमध्ये १० यार्ड. १९१२ पासून चार डाउनमध्ये १० यार्ड. आता हे वाचून काय डोंबल कळतं, मला पण कळलं नव्हतं. म्हणून आम्ही एका रविवारी सकाळी करूनच बघितलं, आणि माझं ऐका, तुम्ही पण करून बघा, दहा लेख वाचण्यापेक्षा अर्ध्या तासात जास्त कळतं.

हरिपूर रस्त्याच्या पुढं ओळखीच्याचं पडीक रान आहे तिथं. पावसाळ्यात हे करू नका, आपली काळी माती पायाला किलोकिलो चिकटते, बूट काढूनच घरी यावं लागतं, दिवाळीनंतर जमीन जरा घट्ट झाली की बघा. सात-सात पोरं, एका बाजूला पैलवानाच्या तालमीतली आणि दुसऱ्या बाजूला आमच्या गल्लीतले कबड्डीवाले. यार्ड मोजायला काथ्याची दोरी घ्या, एक यार्ड म्हणजे तीन फूट, तर एक तुकडा १५ फुटांचा (पाच यार्ड) आणि एक ३० फुटांचा, दोन्ही टोकांना खुंट्या बांधा. तिकडं यासाठी साखळी वापरतात. तेव्हाचं मैदान ११० यार्ड लांब असायचं म्हणजे जवळजवळ १०० मीटर, आम्ही निम्म्यावर भागवलं. गोलाला दोन बांबू साडेअठरा फुटांच्या अंतरावर आणि दहा फुटांवर एक आडवा, हे माप खरं आहे आणि तेव्हा हे दांडे गोलरेषेवरच असायचे, मागं नाही. बॉल लांबट लागतो, आमच्याकडं नव्हता, जुन्या फुटबॉलमध्ये हवा कमी भरून मधून कापडाचा पट्टा आवळला, तो दिसायला तेव्हाच्या बॉलच्या बराच जवळ गेला कारण तेव्हाचा बॉल पण टरबुजासारखा फुगीरच होता, आजच्यासारखा टोकदार नाही. दुधी भोपळा घेऊन खेळा म्हणून सल्ला आला होता, तो बाद केला.

पहिल्या हाफला १९०१ चा नियम लावला, तीन डाउन पाच यार्ड, बॉल पुढं फेकायला बंदी. आणि काय सांगू, दोन मिनिटात तालमीतल्या पोरांनी खेळाचं सार काढलं. पाच यार्ड म्हणजे पंधरा फूटच की, तीन वेळात प्रत्येकी पाच फूट. मग पळायचं कशाला, बॉलवाल्याला मध्ये घ्यायचा, चौघांनी एकमेकांचे खांदे धरायचे आणि ढकलत जायचं. कबड्डीवाल्यांनी साखळी धरली तरी ती वजनापुढं मागंमागं सरकत गेली. एकदा पाच फूट, परत पाच फूट, परत पाच फूट, बघणाऱ्याला जांभई येईल पण थांबवता येत नाही. तिथं माझ्या डोक्यात लख्ख झालं की १९०१ ला तगडी टीम एकदा पुढं सुटली की पन्नास काय शंभर का करायची, आणि हे पण कळलं की माणसं मरायची का. कारण आम्ही गुद्दे बंद, डोक्यानं धडक बंद, पडलेल्याच्या अंगावर उडी बंद असं सांगून खेळवलं तरी एकाचं मनगट सुजलं, घरी जाऊन हळद-मीठ लावावं लागलं. तिकडं तर डोक्यावर कातडी टोपी घालायची सक्ती पण नव्हती आणि बाहेर गेलेला खेळाडू परत आत येऊ शकत नव्हता, त्यामुळं मोडकेतोडके तसेच खेळत राहायचे. अकरा जणच पुढं पण खेळणार आणि मागं पण तेच.

(करून बघणार असाल तर ही ढकलाढकली दोन-तीन वेळाच करा, गंमत म्हणून. मानेवर भार येतो. लहान पोरांना यात घेऊच नका.)

१९०५ हे साल म्हणून वेगळ्या शाईनं लिहा. त्या एका सीझनमध्ये किमान अठरा पोरं मेली, त्यातली बरीच हायस्कूलची. प्रेसिडेंट रूझवेल्टनं ९ ऑक्टोबरला हार्वर्ड, येल आणि प्रिन्सटनच्या लोकांना व्हाइट हाउसला बोलावून झापलं, त्याचा स्वतःचा पोरगा त्या वर्षी हार्वर्डच्या फर्स्ट इयरच्या टीममध्ये खेळत होता. नोव्हेंबरअखेर युनियन कॉलेजचा एक खेळाडू न्यूयॉर्कच्या मॅचमध्ये दगावला आणि मग तिथल्या युनिव्हर्सिटीच्या चॅन्सेलरनं बैठक बोलावली, २८ डिसेंबरला ६२ कॉलेजं जमली. त्यातूनच जी संघटना निघाली तिलाच १९१० पासून एनसीएए म्हणतात, तिकडच्या कॉलेजांच्या खेळांची मुख्य संघटना. कोलंबियानं तर फुटबॉलच बंद केला, कितीतरी वर्षं त्यांच्या तक्त्यात नुसती मोकळी जागा आहे, ती बघून पान फाटलंय असं समजू नका. आणि स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया १९०६ पासून रग्बी खेळायला लागले, त्यामुळं त्यांच्या त्या वर्षांच्या यादीत दिसणारे स्कोअर हे रग्बीचे आहेत, त्याला वरचा भाव लावायचाच नाही. यात मी एक अख्खा रविवार घालवलाय.

दुसऱ्या हाफला आम्ही १९०६ चा नियम लावला. आता तीन डाउनमध्ये दहा यार्ड, आणि बॉल पुढं फेकायला परवानगी. तालमीतली पोरं परत ढकलायला लागली पण तीस फूट काय तीन ढकल्यात होईना, बॉल जायला लागला. मग फेकायचं बघितलं. पण १९०६ चा नियम असा विचित्र की फेकलेला बॉल कुणाच्याच हाताला न लागता खाली पडला तर बॉल सरळ समोरच्याला. त्यामुळं पोरं फेकायलाच घाबरतात. हेच तेव्हा झालं, नियम आला तरी बऱ्याच कोचनी त्याला हात लावला नाही. सेंट लुईस युनिव्हर्सिटीच्या ब्रॅडबरी रॉबिन्सननं ५ सप्टेंबर १९०६ ला विस्कॉन्सिनात पहिला पास टाकला तो पडला, बॉल गेला, पण नंतर परत टाकला त्यावर टचडाउन झाला. त्या टीमनं तो सीझन ११-० नं काढला, पॉइंट ४०७ आणि समोर फक्त ११. बाकीच्या देशाला हे कळायला बराच वेळ लागला. १ नोव्हेंबर १९१३ ला नोत्र दाम युनिव्हर्सिटीनं आर्मीला (म्हणजे वेस्ट पॉइंटच्या लष्करी कॉलेजच्या टीमला) पास टाकून टाकून ३५-१३ नं धुतलं तेव्हा पूर्वेकडच्या शहाण्यांचे डोळे उघडले, तोवर बॉल फेकणं म्हणजे काहीतरी बायकी काम असं समजायचे.

पास का आणला याची पण एक गोष्ट आहे. मैदान रुंद करावं म्हणजे गर्दी फुटेल असं काहींचं म्हणणं होतं, पण हार्वर्डनं १९०३ ला नवंकोरं काँक्रीटचं स्टेडियम बांधलेलं, ते काय सरकत नव्हतं, मग मैदान राहिलं तसंच आणि पास आला. सिमेंटमुळं खेळ बदलला असं म्हटलं तरी चालेल. बांधकामवाल्या मित्राला हे फार आवडलं.

तर या सगळ्यावरून तक्ता वाचताना काय धरायचं, १९०५ पर्यंत मोठे आकडे दिसले तर नवल नाही. १९०६ ते १९११ मध्ये दोन तगड्या टीमच्या मॅच ०-०, ६-०, ४-० अशा दिसायला लागतात, कारण दहा यार्ड अवघड आणि पास धोक्याचा, मग लोक काय करायचे तर पहिल्या दुसऱ्या डाउनलाच लांब किक मारून बॉल समोरच्याच्या अंगणात टाकायचे आणि त्याच्या चुकीची वाट बघायचे. १९०८ पर्यंतचं ४-० म्हणजे एकच फील्ड गोल, हे आता तुम्हाला साल बघून लगेच सांगता येईल. १९१२ ला टचडाउन ६, चौथा डाउन आणि मैदान १०० यार्डाचं झालं की आकडे परत वर चढतात. जॉर्जिया टेकनं १९१६ ला कंबरलंडला २२२-० मारलं ते या भावानं, ३२ टचडाउन म्हणजे १९२ आणि ३० जादा किक. कंबरलंडनं खरं तर टीमच बंद केली होती, पण मॅच सोडली तर दंड भरावा लागेल म्हणून कशीतरी पोरं गोळा करून गाडीत घातली. असल्या स्कोअरवरून कुणाची ताकद मोजू नका.

तक्त्याच्या कडेला तीन आकडे असतात, विजय, पराभव आणि बरोबरी, ९-०-१ असे. तो शेवटचा आकडा पुसट असला तरी बघा. तेव्हा जादा वेळ नसायचा, कुस्ती बरोबरीत सोडवतात तशी मॅच सोडवायचे. १९०६ ला येल आणि प्रिन्सटन दोघं ९-०-१, कारण आपसातली मॅच ०-० सुटली. मग चॅम्पियन कोण, तर दोघंही. देशभरातल्या पत्रकारांचं मत घेऊन नंबर लावायची एपी या वृत्तसंस्थेची पद्धत १९३६ ला आली, त्याआधीच्या वर्षांचे बरेचसे चॅम्पियन मागाहून वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या हिशोबानं ठरवलेत. १९०१ ला मिशिगन ५५०-० असलं तरी हार्वर्ड पण १२-० होतं, काही याद्या त्यांना देतात. त्यामुळं "नॅशनल चॅम्पियन" असं लिहिलेलं दिसलं की कुणी म्हटलंय ते विचारा.

बरोबरीचं सगळ्यात भारी उदाहरण १९०३ चं. मिशिगन विरुद्ध मिनेसोटा, ६-६. म्हणजे दोघांचा एकेक टचडाउन आणि एकेक किक. योस्टनं म्हणे पाण्यासाठी तीस सेंटचा मातीचा घडा विकत आणवला होता, समोरचे पाण्यात काहीतरी घालतील म्हणून, आणि गडबडीत तो तिथंच राहिला. आजपण या दोन टीम त्या घड्यासाठी खेळतात. तीस सेंटचा माठ राव, आपल्याकडं चांदीची गदा देतात. पण ही एक बरोबरी धरून योस्टची टीम १९०१ पासून १९०५ च्या शेवटच्या मॅचपर्यंत ५६ सामने हरली नव्हती. आणि हरली कशानं, तर शिकागोनं २-० नं हरवलं. २ म्हणजे काय, वहीचं मागचं पान उघडा, सेफ्टी. एक गडी आपल्याच रेषेमागं बॉलसकट सापडला आणि पाच वर्षांचं सगळं संपलं. त्या सीझनची टोटल ४९५-२. त्या दोनवर मी जरा वेळ थांबलो होतो.

जुने फोटो असतील तर त्यावरून साल काढायची एक युक्ती आहे. मैदानावर आडव्या रेषा तर असतातच, पण उभ्या पण रेषा मारून सारीपाटासारख्या चौकटी दिसल्या तर तो फोटो साधारण १९०३ ते १९०९ मधला. तेव्हा बॉल मिळालेल्यानं मधल्या माणसापासून बाजूला पाच यार्ड सरकून मगच पुढं जायचं, आणि पास आला तेव्हा तो पण तेवढ्या बाजूनंच पुढं जायला हवा असा नियम होता, तो बघायला रेफरीला उभ्या रेषा लागायच्या, १९१० ला गेल्या. टी-शर्टवर नंबर शोधू नका, बहुतेक नसतात, वर्तमानपत्रात पण नुसती आडनावं. आणि बातमीत "हाफ" लिहिलंय का "क्वार्टर" ते बघा, क्वार्टर असेल तर १९१० किंवा नंतरची. आपलं विलिंग्डन कॉलेज १९१९ चं, म्हणजे ही सगळी भानगड होऊन गेली तेव्हा इथं कॉलेजची टीम काढायला कॉलेजच नव्हतं.

सरावाला एक देतो. ९ नोव्हेंबर १९१२, कार्लाइल २७ आर्मी ६. आर्मीच्या टीममध्ये त्या दिवशी आयझेनहॉवर होता, पुढं प्रेसिडेंट झालेला तोच. कार्लाइलचे टचडाउन किती आणि किक किती ते काढा, साल बघून. चार आणि तीन आलं तर तुम्हाला जमलं.

आता आमच्या मॅचचं सांगायचं राहिलं. पहिल्या हाफला तालमीवाले ढकलत ढकलत बांबूजवळ पोचले आणि कबड्डीवाल्यांनी शेवटी पाय रोवले, तेव्हा तालमीवाल्यांतल्या एकानं, जो कोल्हापूरला हॉस्टेलवर राहून फुटबॉल खेळतो, बॉल जमिनीवर टाकून उसळताना असा हाणला की आडव्या बांबूवरून गेला. फील्ड गोल. दुसऱ्या हाफला कबड्डीवाल्यांनी एकच पास धाडसानं टाकला, तो बसला, पोरगं रेडला निघाल्यासारखं वाकडंतिकडं पळत जाऊन टचडाउन करून आलं, जादा किक मात्र शेजारच्या ऊसात गेली. हरणाऱ्यानं सगळ्यांना भडंग आणि चहा असं ठरलेलं. कबड्डीवाले म्हणाले मॅच १९०६ च्या नियमानं संपली, टचडाउन ५, फील्ड गोल ४, आम्ही जिंकलो. तालमीवाले म्हणाले आमचा गोल पहिल्या हाफचा, तेव्हा १९०१ चालू होतं, आमचे पण ५, मॅच बरोबरीत. अण्णांनी मध्येच १९१२ काढलं आणि ६-३ सांगितलं. भडंग खाऊन झालं, चहा दोनदा झाला, तरी निकाल लागला नाही, आणि टपरीवाल्यानं ते बिल तोवर माझ्या नावावर लिहून ठेवलंय.